उत्तरपक्ष राहून गेला

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१३ ऑगस्ट २००६

श्री. दीनानाथराव यांस,

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द केवळ पद्धत म्हणून आलेला नाही. तो विचार करून लिहिला, एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला आहे. खाडाखोड आपल्याला दिसेलच.) आपली व सौ. सुनीताबाईंची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे समजले. उजव्या की डाव्या हे मात्र समजले नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. आम्ही उभयता चि. अनिरुद्धकडे मार्चपासून आहोत. येथे ऑगस्ट म्हणजे भर हिवाळा. घर लाकडी असून डोंगरउतारावर आहे, आणि वारा एका भिंतीतून आत येऊन दुसरीतून परवानगी न घेता बाहेर जातो. आम्ही घरात कानटोपी घालून बसतो आणि खिडकीतून पाहतो तर शेजारी अर्ध्या चड्डीत, पायांत जँडल्स (म्हणजे आपल्या रबरी सपाता) घालून गवत कापत असतो. दोहोंपैकी एक पक्ष चुकीचा असला पाहिजे. कोणता, हे पाच महिन्यांत ठरलेले नाही.

डिसेंबर १९८७ मधील त्या दुपारनंतर मी आपल्याला पत्र लिहिलेले नाही. त्या दुपारकडे मी पुढे येणारच आहे. प्रथम जे घडले ते क्रमाने सांगतो, कारण आपण अभियंते आहात आणि ज्या गोष्टीचा मला उलगडा होत नाही तिच्यात आपल्याला कदाचित यंत्र दिसेल.

आमच्या विवाहाला यंदा चाळीस वर्षे झाली. त्यानिमित्त अनिरुद्ध व सौ. सलोनी यांनी आम्हांला कोठे तरी पाठवण्याचे ठरविले व आईला कोठे जायचे ते विचारले. तव्यावरची पोळी उलटायला लागतो त्याहून कमी वेळात इरावती म्हणाली, इंग्लंड. केव्हा, तर ऑक्टोबरच्या बावीस ते सव्वीस. मला आश्चर्य वाटले. वेलिंग्टनहून इंग्लंड हे पृथ्वीवर जाता येण्याजोगे जवळजवळ सर्वांत दूरचे ठिकाण, आणि इरावतीला त्या देशाविषयी आस्था असल्याचा पुरावा माझ्यापाशी नव्हता. तिने पुढे एक अट घातली : ऑगस्ट संपेपर्यंत राहण्याची जागा तिच्या मनासारखी ठरली तर जायचे, नाहीतर जायचेच नाही, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. तिने चाळीस वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, असे अनिरुद्ध म्हणाला. (मी आठवून पाहिले. प्रतिउदाहरण सापडले नाही, आणि ते सापडू नये याचे मला बरे वाटले नाही.)

हॉटेल निवडण्याचे काम माझ्याकडे आले. बाबांना असे काही सोपविले की घर शांत राहते, असे सलोनी आत कोणाला तरी सांगत होती. परंतु मी ते कौतुक समजून स्वीकारले. एकदाच जायचे तर लक्झरी हॉटेलच हवे, असा अनिरुद्धचा आग्रह. मी म्हटले, लक्झरीची व्याख्या कर. तो म्हणाला, पाच तारे. तारे कोण देतो, कशाबद्दल देतो, आणि सहावा का देत नाही, असे विचारले तेव्हा त्याला ऑफिसचा फोन आला. म्हणून मी स्वतःच अभ्यास आरंभिला. सलोनीचा लॅपटॉप घेऊन तीन आठवड्यांत इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील हॉटेले वाचून काढली. प्रत्येकाचे म्हणणे एकच : आमच्याकडे आलात की घरीच आल्यासारखे वाटेल. यातला दोष उघड आहे. घरासारखेच असेल तर तेथे जाण्याचे प्रयोजन उरत नाही. घरासारखे नसेल तर विधान असत्य. हा आक्षेप मी एका हॉटेलला ई-मेलने कळविला. उत्तरादाखल त्यांनी अकरा प्रकारच्या उशांची यादी पाठविली व कोणती हवी ते विचारले. दुसऱ्या एका ठिकाणी पलंगाला चार खांब व वर छत होते. खोलीला छत असताना पलंगाला वेगळे छत कशासाठी, याचे कारण कोठेही दिलेले नाही. खोलीच्या छताविषयी त्यांनाच खात्री नसावी.

असो. मी सात हॉटेले गुणानुक्रमे निवडून इरावतीपुढे मांडली, आणि येथून माझा गोंधळ सुरू होतो. स्कॉटलंडमधील किल्ला तिने नाकारला, कारण तेथे माणसे दिसत नाहीत. लंडनमधील हॉटेल नाकारले, कारण तेथे फार माणसे दिसतात. कॉर्नवॉलचा समुद्रकिनारा नको, समुद्र इथे आहेच. सरोवराकाठचे नको, कारण तेथे समुद्र नाही. बाथ येथे गरम पाण्याचे झरे आहेत म्हटले तर म्हणाली, रोटोरुआला आंघोळ झाली आहे. (ती झालेली नव्हती. तेथील गरम झऱ्यांच्या गंधकाच्या वासामुळे आम्ही दहा मिनिटांत परत फिरलो होतो.) सहाव्या ठिकाणी वरच्या मजल्यावरची खोली होती, म्हणून गुडघे दुखले. सातवे वेल्समधले, तळमजल्यावरचे. त्याचा फोटो संगणकावर उघडण्यापूर्वीच, केवळ गावाचे नाव वाचून, ती नको म्हणाली. दीनानाथराव, मी छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकविले आहे. माणूस विसंगत बोलतो हे मला ठाऊक आहे. परंतु इतके शांतपणे, भाजी निवडता निवडता, एकाही कारणाचा दुसऱ्याशी संबंध येऊ न देता विसंगत बोलणे, हे मी पाहिलेले नव्हते. जुलै संपला होता. सलोनी मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा, आई हे सगळं रद्दच करणार बहुतेक. तिच्या आवाजात काळजी होती. माझ्या मनात, प्रांजळपणे सांगतो, काळजीहून कुतूहल अधिक होते. याबद्दल आता वाईट वाटते.

याच सुमारास आम्ही कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो होतो. (डेअरी म्हणजे येथे पाव, वर्तमानपत्रे, काड्यापेट्या इत्यादींचे दुकान. दूधही मिळते, पण त्यावरून नाव पडले असेल असे दुकान पाहून वाटत नाही.) मालक जगदीशभाई मूळ नवसारीचे. आम्ही इंग्लंडला हॉटेलात उतरणार हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मला काही आजार सांगितला गेला आहे. तिकडे तुमचं कोणीच नाही का, काका, असे त्यांनी विचारले. त्यांची एकट्या लेस्टरमध्ये चौदा माणसे आहेत. मी म्हणालो, हा प्रश्न निवडीच्या निकषांत बसत नाही. इरावती त्या वेळी पावाच्या पिशवीवरची तारीख वाचत होती. एका तारखेला लागावा त्याहून बराच अधिक वेळ वाचत होती.

आता आठव्या हॉटेलाविषयी. हे मी निवडण्यासाठी घेतलेच नव्हते, खोडण्यासाठी घेतले होते. आपल्या शास्त्रांतील वादाची पद्धत आपल्याला ठाऊक असेलच, तरी सांगतो : स्वतःचे मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे लागते, तो पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, तो उत्तरपक्ष. पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षानेही म्हणावे, मला इतके चांगले सुचले नव्हते. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणे हा मी विद्यार्थ्यांना गुन्हा म्हणून शिकविला आहे. बेत असा होता की एका सर्वस्वी अयोग्य हॉटेलाचे साग्रसंगीत खंडन करून दाखवावे, म्हणजे निकष स्पष्ट होतील व इरावती पहिल्या सातांकडे न्यायाने पाहील. त्यासाठी डर्बीशायरमधील एक जुनी गढी घेतली. दोन कागद केले. पहिल्यावर पूर्वपक्ष, दुसऱ्यावर नऊ आक्षेप.

गेल्या रविवारी जेवणानंतर सर्व जण हीटरभोवती बसले असता मी पहिला कागद वाचला. दोनशे वर्षांची दगडी इमारत, दिवाणखान्यात लाकडांची शेकोटी, तळ्यात सतरा बदके (मोजून दिली आहेत), चहाबरोबर घरचा मुरंबा, आणि सायंकाळी टेकडीवरून दिसणारे धुके. खरे सांगतो, मी चांगले वाचले. वाचताना एका ठिकाणी माझा स्वतःचा आवाज मृदू झाल्याचे मला जाणवले. कागद संपला. घसा ओला करावा म्हणून मी चहाचा एक घोट घेतला. त्या घोटाच्या काळात इरावती म्हणाली, हे चालेल. आणि सलोनीने, जिला तीन वाजता इस्पितळाच्या औषधालयात ड्यूटीवर जायचे होते, मांडीवरच्या लॅपटॉपचे बटण दाबले.

“बाबा, झालं बुक,” ती म्हणाली. “आता रद्द नाही हं करता येत.”

मी म्हटले, अजून उत्तरपक्ष व्हायचा आहे.

“तो आणि कशाला?” अनिरुद्ध म्हणाला. “इतकं छान सांगितलंत, मलाच जावंसं वाटायला लागलं.”

“ते मी खोडणार होतो.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

चि. अनुष्का (नात, वय अकरा, मराठी सर्व समजते, उत्तरे इंग्रजीत येतात) गालिच्यावर पडून हे ऐकत होती. ती म्हणाली, “आजोबा, यू बीट युवरसेल्फ. स्वीट अ‍ॅज.” (हा येथील वाक्प्रचार, अर्थ ‘झकास’. कशासारखे गोड, हे कोणीही पुरे करीत नाही. उपमानावाचून उपमा सोडून देऊन सर्व देश आपापल्या कामाला निघून जातो.)

मी दुसरा कागद घडी करून खिशात ठेवला. मला हरल्याचे दुःख नव्हते. विजय-पराजय दोन्ही माझेच होते. मला कळेना ते हे, की सात उत्तम हॉटेले परस्परविरोधी कारणांनी नाकारणाऱ्या व्यक्तीने आठवे, ज्यात शाकाहाऱ्याला एक व कुत्र्याला चार पदार्थ मिळतात, ते दोन शब्दांत का स्वीकारावे? त्या संध्याकाळी तिने शिरा केला. कोणताही सण नव्हता. शिरा हलविताना ती काही तरी गुणगुणत होती, आणि मला पाहून थांबली नाही.

पुढचे तीन दिवस मी तक्ता केला. माणसे, पाणी, मजला, वारा, जेवण, जिने. जे कारण असेल ते स्वीकारलेल्या ठिकाणी असले पाहिजे आणि नाकारलेल्या सातही ठिकाणी नसले पाहिजे, एवढे साधे. एकही रकाना टिकला नाही. बदकांपर्यंत विचार गेला. परंतु सरोवराकाठीही बदके होती. गुरुवारी अनुष्का शाळेतून आली, माझा तक्ता पाहिला आणि तिने विचारले की मी आजीला विचारले का. मी तिला समजावून सांगितले की अनुमान उपलब्ध असताना साक्षीदाराला त्रास देऊ नये. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि केळे खात परत आली.

“शी सेड डर्बी,” ती म्हणाली. “अँड शी सेड डोन्ट टेल आजोबा.”

मी शाळेचा अ‍ॅटलास व पट्टी मागून घेतली. आठवे हॉटेल आपल्या डर्बीपासून अकरा मैलांवर आहे. पहिल्या सातांपैकी एकही शंभर मैलांच्या आत नाही. मग पंचांग काढले. भाऊबीज चोवीस ऑक्टोबरला आहे. ज्या तारखांना मी आजवर ‘गर्दी कमी असल्यामुळे योग्य’ म्हणत होतो त्या तारखा.

आता ती दुपार. डिसेंबर १९८७, पुणे, आमचे घर. आपण तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. श्रीखंड वाढून झाले होते. आपण म्हणालात, “ताई, आता घर घेतलंय डर्बीला. कधीही या.” मी विचारले, कधीही म्हणजे केव्हा? आपण हसून म्हणालात, कधीही म्हणजे कधीही. तेव्हा मी सर्वांसमोर, न्यायशास्त्राच्या पाचही अवयवांनिशी (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन), असे सिद्ध केले की हे आमंत्रण नव्हे : ज्याला दिवस नाही ते नाकारता येत नाही, जे नाकारता येत नाही ते स्वीकारताही येत नाही, आणि जे स्वीकारता येत नाही ते आमंत्रण नव्हे, जसे हवामान. उदाहरणावर कोणी तरी हसले, त्यामुळे मी ते पुन्हा सांगितले. आपण चमचा खाली ठेवून म्हणालात, “बरं भाऊजी. मग नाही बोलावत.” मी ती सिद्धान्ताची कबुली समजलो. समोर इरावती वाढत होती. तिने, दीनानाथराव, आपल्या वाटीत आणखी श्रीखंड घातले, माझ्या वाटीत घातले नाही. याचीही मी त्या वेळी नोंद घेतली नाही. त्यानंतर आपण बोलाविले नाही व ती आली नाही. राखीचे पाकीट दरवर्षी जाते हे मला ठाऊक आहे. तिकिटे मीच आणून देतो.

काल शनिवार, तिचा श्रावणातला उपास. ती कुमारा (येथील रताळे, कीस चांगला होतो) किसत बसली होती. मी म्हटले, मला डर्बी कळले. तिने किसणी थांबविली नाही. मी म्हटले, मग सरळ भावाकडे जायचे की, हे हॉटेल कशासाठी?

“बोलावलेलं नाही तिथे मी जात नाही,” ती म्हणाली. “आणि आता दीनानं बोलावलं तरी तुम्ही त्यातून काय काढाल कोण जाणे. त्यापेक्षा हॉटेल आपलं आहे. मी त्याला बोलावीन. मंगळवार, चोवीस ऑक्टोबर, संध्याकाळी सहा वाजता, ओवाळायला. दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे. करा आता सिद्ध, की हे आमंत्रण नाही म्हणून.”

मी काही सिद्ध केले नाही. मी खोलीत येऊन खिशातला दुसरा कागद उघडला. नववा आक्षेप मी स्वतःच्या हाताने असा लिहिला आहे : खोल्यांत कोणत्याही प्रकारची ज्योत पेटविण्यास मनाई, धूर ओळखणारे यंत्र बसविलेले असून ते वाजल्यास संपूर्ण हॉटेल रिकामे करण्यात येते. दीनानाथराव, मी ते चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिले. आपण पलंगाच्या कडेवर, टोपी घालून. इरावतीच्या हातात तबक, तबकात निरांजन. आणि बाहेर तळ्याकाठी, धुक्यात, झोपण्याच्या झग्यांत उभी असलेली सर्व इंग्रज मंडळी, त्यांचे कुत्रे व सतरा बदके. हे मी तिला सांगितलेले नाही. हाताशी निर्णायक खंडन असून ते न वापरण्याचा माझ्या आयुष्यातील हा पहिला प्रसंग आहे, आणि मला त्याची सवय नसल्याने झोप लागत नाही.

वरील सर्व केवळ माहितीसाठी कळविले आहे. माझी कोणतीही विनंती नाही. सौ. सुनीताबाईंना नमस्कार. गुडघ्यांची (अथवा गुडघ्याची) काळजी घ्यावी.

आपला,
सुधाकर

ता. क. : विनंती आहे. चोवीस तारखेला इरावतीला आपल्या घरी बोलवावे, जेथे निरांजन लावता येईल. बोलावणे तिला असावे. त्यात मी येतोच असे त्यातून निष्पन्न होत नाही, आणि मी तसे निष्पन्न करणारही नाही. हॉटेलची खोली घेतलेली आहेच. मी तेथे राहीन. वाचायला पुस्तके नेणार आहे, शिवाय बदके आहेत.

दुसरा ता. क. : १९८७ मधील माझ्या अनुमानात दोष होता. हेतू निर्णायक नव्हता. ज्याला दिवस नाही तेही आमंत्रण असू शकते. पुण्यात मी छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना ‘कधीही या’ म्हणत आलो, ते कधीही आले, आणि इरावतीने त्यांना जेवू घातले. हे प्रतिउदाहरण त्या दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात उभे होते. आपले म्हणणे बरोबर होते. (श्रीखंडही आपल्यालाच मिळाले ते योग्यच होते.) तेव्हा बोलावण्याच्या पत्रात तारीख-वेळ, वरची चोवीस तारीखही, घालू नये. एकोणीस वर्षांपूर्वी म्हणालात तसेच, दोन शब्दांत लिहावे : ‘कधीही या.’ मी ते वाचून दाखवीन व पुढे काही बोलणार नाही.

तिसरा ता. क. : पाकीट तयार केले. आपला पत्ता माझ्याकडे नव्हता, म्हणून गुडघ्याची चौकशी करायची आहे असे सांगून इरावतीकडे मागितला. तिने वही न उघडता, पिनकोडसह, लिहून दिला. खाली एक ओळ आहे : ‘बेल वाजत नाही, दार जोरात ठोठावावे.’ ज्या घरी ती कधी गेली नाही तेथील बेल नादुरुस्त असल्याचे तिला कसे ठाऊक, याचे मी अनुमान करीत नाही. परंतु टपालाला बेल लागत नाही. ही सूचना पत्रासाठी नव्हे, दारापर्यंत येणाऱ्या माणसासाठी आहे. आणि ती तिने माझ्या हातात दिली आहे. तेव्हा पहिल्या ताज्या कलमातील बदकांविषयीचा मजकूर रद्द समजावा. बेल दुरुस्त करून घेण्याची घाई करू नये. मी ठोठावीन.